नेहमी विचारले जाणारे प्रश्न: आरपीजी, कॉमिक्स आणि ॲनिमेची परीक्षणं, कोल्हापूरच्या टेबलावरून

आम्ही पाचजण दर रविवारी दुपारी राजारामपुरीत एका दुकानाच्या वरच्या खोलीत जमतो. गणित शिकवणाऱ्या एक ताई, उद्यमनगरात लेथ चालवणारा मित्र, एक वकील, एक चित्रकार मैत्रीण आणि मी. आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्र घेऊन गोष्ट रंगवायचे खेळ) खेळतो, कॉमिक्स वाचतो, ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) बघतो, भांडतो आणि त्यातून सांगण्यासारखं जे उरतं ते मी लिहून काढतो. तेच तेच प्रश्न परत येतात, म्हणून उत्तरं एकदाची मांडून ठेवतोय. जिथं भांडण जास्त झालं तिथली उत्तरं लांबलीत, त्याला इलाज नाही.

आई विचारतेय, फासे घेऊन बसता म्हणजे पैसे लावता का?

काकूंना सांगा, एक रुपयाही लागत नाही. फासा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर शकुनी उभा राहतो, हे खरं. द्यूतातल्या दानांची नावंच कृत, त्रेता, द्वापर आणि कली. त्यामुळे संशय यायला जागा आहे. पण इथं कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही.

एकजण गेम मास्टर असतो. तो प्रसंग सांगतो: वाडा अंधारा आहे, आतून कुणीतरी खोकल्याचा आवाज येतोय. बाकीच्यांनी प्रत्येकी एक पात्र घेतलेलं असतं आणि आपलं पात्र काय करतं ते ते सांगतात. निकालाबद्दल शंका असेल तिथंच फासा पडतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातला पहिला छापील गेम, १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी काढलेला. त्यातले फासे ४ बाजूंपासून २० बाजूंपर्यंतचे, म्हणून ते बघून घरचे जास्तच दचकतात. खरं तर हा प्रकार पत्त्यांपेक्षा भजनाच्या जवळचा आहे. एकजण चाल धरतो, बाकीचे उचलतात, आणि रंगलं तर रात्रीचा एक कधी वाजला ते कळत नाही.

परीक्षण लिहिण्याआधी गेम किती वेळा खेळता?

एका बैठकीत संपणारा असेल तर दोनदा, आणि दोन्ही वेळा गेम मास्टर वेगळा. लांब चालणारा असेल तर किमान चार बैठका. याच्या खाली आम्ही लिहीत नाही.

कारण साधं आहे. आरपीजीचं पुस्तक म्हणजे शिधा. डाळ, तांदूळ, मसाला सगळं मोजून दिलेलं असतं, पण जेवण अजून व्हायचंय. नुसतं पुस्तक वाचून केलेलं परीक्षण म्हणजे शिध्याकडं बघून रस्सा तिखट झाला म्हणण्यासारखं. आमच्याकडून हे एकदा झालंय. एका गेमचं पुस्तक इतकं सुंदर होतं, चित्रं, मांडणी, नकाशे सगळंच, की मी एका रात्रीत कौतुकाचं पानभर लिहून टाकलं. पुढच्या रविवारी खेळायला बसलो तर एक मारामारी संपायला अडीच तास. वकील मित्र मधेच उठून चहा घेऊन आला, तरी त्याची पाळी आली नव्हती. ते पान फाडलं. तेव्हापासून प्रत्येक परीक्षणात एक ओळ ठरलेली: एका झटापटीला घड्याळानं किती मिनिटं लागली.

दोन गेम मास्टर कशासाठी, हेही विचारतात. चांगला गेम मास्टर वाईट गेमही तारून नेतो. ताई टेबलाच्या त्या टोकाला बसल्या की काहीही रंगतं. मग श्रेय पुस्तकाचं की ताईंचं? मी चालवल्यावरही बरा वाटला तर गेम खरंच बरा.

“नियम तपासले” असं लिहिता. नियमांत तपासायचं काय असतं?

शक्यता. हे जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक परीक्षणं इथंच घाई करतात.

पावसाळ्यात आम्ही पन्हाळ्याचा वेढा एका बैठकीचा खेळ म्हणून चालवला. १६६० सालचा जुलै, खाली सिद्दी जौहरची छावणी, वर किल्ल्यात संपत आलेलं धान्य, आणि एका रात्रीत विशाळगडाकडं निसटायचं. आमच्या टेबलाचा एक नियम आहे: महाराज कुणी व्हायचं नाही, बाजीप्रभू कुणी व्हायचं नाही, शिवा काशीदही नाही. खेळाडू म्हणजे पालखीचे भोई, मशालजी, वाट दाखवणारा एखादा हेर. इतिहासात ज्यांची नावं राहिली नाहीत ती माणसं.

हाच प्रसंग दोन नियमांनी खेळलो. पहिल्यांदा २० बाजूंच्या एका फाशानं. पात्राला ५ ची जोड आहे आणि १५ गाठायचेत, म्हणजे फाशावर १० किंवा वर हवेत. शक्यता ५५ टक्के. पडला आकडा तर जमलं, नाही पडला तर नाही. पहारेकऱ्यानं पाहिलं किंवा नाही पाहिलं, मधलं काही नाही.

दुसऱ्यांदा ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ या २०१० च्या गेमनं रूढ केलेली पद्धत घेतली. दोन साधे फासे, त्यांची बेरीज. १० किंवा वर आले तर काम फत्ते, ७ ते ९ आले तर काम होतं पण काहीतरी मोजावं लागतं, ६ किंवा खाली आले तर पुढचं गेम मास्टरच्या हातात. पात्राला १ ची जोड असेल तर ३६ पैकी १० वेळा निर्भेळ यश, १० वेळा फसगत, आणि तब्बल १६ वेळा “जमलं, पण”. पालखी चौकी पार गेली, पण एक भोई मागं राहिला. वाट सापडली, पण ओढ्याला पाणी चढलंय. त्या रात्रीची गोष्ट अशी “पण”वरच तर चालली होती. पालखीतून गेलेले शिवा काशीद पकडले गेले, घोडखिंडीत माणसं उभी राहिली, आणि म्हणून बाकीचे पोहोचले.

याचा अर्थ पहिली पद्धत वाईट असा लावू नका. गुहेत शिरून राक्षस मारायचा असेल तर हो-नाही असा रोखठोक फासाच मजा देतो, आणि २० पडल्यावर जो आरडाओरडा होतो तो दोन फाशांच्या बेरजेला कधी होत नाही. परीक्षणानं सांगायचं ते इतकंच, की या गेमचं गणित कुठल्या गोष्टीकडं ओढतं.

फासे कुठले घ्यावेत?

कुठलेही. स्वस्त प्लास्टिकचे चालतात.

पितळेचे मात्र जपून. उद्यमनगरातल्या आमच्या मित्रानं हौसेनं पितळेचा २० बाजूंचा फासा बनवला. दिसायला देवघरात ठेवावा असा. पण त्याच्या हातात सारखे २० पडायला लागले तेव्हा ताईंनी वही काढली आणि २०० वेळा टाकायला लावला. प्रत्येक आकडा सरासरी १० वेळा यायला हवा, तीनेक इकडंतिकडं चालतात. २० आले १९ वेळा. या फाशात समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज २१ असते, म्हणजे २० च्या बरोबर खाली १. ती बाजू जड राहिली होती. प्लास्टिकचा फासा मिठाच्या दाट पाण्यात तरंगवून बघता येतो, बोटानं फिरवला की सारखा एकच आकडा वर येतो का ते. पितळ कसलं तरंगतंय. तो फासा आता पेपरवेट आहे.

भावा, स्टार का देत नाहीस? पाचपैकी किती ते सांग की.

दिले होते पूर्वी. मग लोक मजकूर वाचेनात, फक्त “ह्याला साडेतीन आणि त्याला चार कसे?” एवढंच भांडत बसले. शिवाय तीन वेगळ्या कलांना एकच फूटपट्टी लावणं मला जमत नाही. आरपीजीत वेळ टेबलाच्या हातात असतो. दहा मिनिटांच्या प्रसंगात दोन तास रमता येतं. कॉमिकमध्ये वेळ वाचकाच्या हातात, एका चौकटीवर हवं तेवढं थांबा. ॲनिमेत तो दिग्दर्शकाच्या हातात. तो दाखवेल तेवढंच आणि तेवढाच वेळ. त्यामुळे “संथ आहे” ही तक्रार तिन्ही ठिकाणी वेगळी. संथ कॉमिक असं काही फारसं नसतंच, कंटाळवाणं असतं.

स्टारऐवजी शेवटी एक ओळ लिहितो: हे कुणाला देईन आणि कुणाला देणार नाही.

कॉमिकच्या परीक्षणात चित्रांबद्दल एवढं का लिहिता? गोष्ट सांगा ना.

ज्या गावात सिनेमा पेंटरनं आणला त्या गावात हा प्रश्न यावा! बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा जुळवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० ला ‘सैरंध्री’ दाखवला, आणि सिनेमाची पोस्टरंही स्वतः रंगवली. आपल्याकडं चित्र हे गोष्टीला लावलेलं लेबल कधी नव्हतंच.

कॉमिकमध्ये तर चित्रच गोष्ट सांगतं. उदाहरण देतो. २०११ साली ‘नवयान’ प्रकाशनानं काढलेलं ‘भीमायन’ घ्या. डॉ. आंबेडकरांचं आयुष्य, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. त्यांनी नेहमीच्या चौकोनी चौकटी काढायला नकार दिला. त्यांच्या भिंतीवरच्या दिग्ण्याच्या नक्षीनं पान वाहत्या तुकड्यांत विभागलं. आणि बोलण्याचे फुगे! मायेनं बोललेलं वाक्य पक्ष्याच्या आकारात, आणि विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. माणूस काय बोलला ते वाचण्याआधीच कसं बोलला ते कळतं. आता यात “गोष्ट” कुठली आणि “चित्र” कुठलं, वेगळं करून दाखवा. माणगाव परिषद १९२० साली आपल्याच जिल्ह्यात झाली, म्हणून आमच्या घरांत आंबेडकरांची चरित्रं वाचलेली होती. तरी या पुस्तकानं माहीत असलेला प्रसंग नव्यानं टोचला, तो त्या नांगीमुळं.

म्हणून परीक्षणात लेखकाबरोबर चित्रकार, शाई करणारा, रंग भरणारा आणि अक्षरं लिहिणारा यांची नावं पुस्तकात छापली असतील तर देतोच. अक्षरांचं काम वाईट असलं की चांगलं कॉमिक बोबडं होतं.

मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, उजवीकडून डावीकडं वाचायचं. सवय होते का?

दोन प्रकरणांत होते. पूर्वी इंग्रजी आवृत्त्यांत पानं आरशासारखी उलटी करून छापायचे, त्यामुळं सगळे सामुराई डावखुरे व्हायचे. त्यापेक्षा आपणच उलटं वाचलेलं बरं. नवख्या माणसाला आम्ही ओसामु तेझुकांचं ‘बुद्ध’ हातात देतो. इंग्रजीत ८ खंड आहेत, ते मात्र अजून उलटी पानं छापलेले, म्हणजे डावीकडूनच वाचायचे, आणि कपिलवस्तू, मगध, कोसल ही नावं ओळखीची असल्यानं वाट चुकत नाही. जपानी माणसानं काढलेला भारत आहे हे ध्यानात ठेवून वाचा. मधेच एखादा आचरट विनोद येतो तेव्हा आपल्याला दचकायला होतं, पण तो तेझुकांचा खाक्याच आहे.

ॲनिमेचे किती भाग बघून लिहिता? तीन भागांत कळतं म्हणतात.

तीन भागांत आवडेल का ते कळतं. कसं आहे ते कळत नाही.

‘विनलँड सागा’चा पहिला हंगाम (२०१९, २४ भाग) म्हणजे सूडानं पेटलेला पोरगा, तलवारी, लुटालूट. दुसऱ्या हंगामात (२०२३, पुन्हा २४ भाग) तोच पोरगा गुलाम होऊन शेतावर राबतो. झाडं तोडायची, बुंधे उपटायचे, जमीन मोकळी करायची, गहू पेरायचा. आमच्यातले दोघं पहिल्या चार भागांत वैतागले, “मारामारी कुठं गेली?” मित्राचे वडील शेजारी बसून बघत होते, शिरोळकडचे, आयुष्य उसात गेलेलं. त्यांना जपानी कळत नाही, पडद्याखालच्या इंग्रजी पाट्याही वाचता येत नाहीत. पण बुंधा उपटायचा प्रसंग सुरू झाला तसे ते सावरून बसले आणि बघतच राहिले. मारामाऱ्यांपेक्षा हेच मोठं काम आहे, हे त्या हंगामाचं म्हणणं आम्हाला त्यांच्याकडं बघून उमगलं. तीन भागांवर लिहिलं असतं तर तोंडघशी पडलो असतो.

तेव्हा आमचा नियम असा: १२-१३ भागांचा हंगाम असेल तर पूर्ण बघून. ‘वन पीस’सारखं, १९९९ पासून चालूच असलेलं काही असेल तर एका कथाभागापुरतं लिहितो आणि तसं वरच सांगतो.

सब की डब?

सब म्हणजे मूळ जपानी आवाज आणि खाली पाट्या, डब म्हणजे दुसऱ्या भाषेतले आवाज. दोन्ही बघतो. हिंदी डब आता पुष्कळ मालिकांना मिळतात, आणि घरात आजी-आजोबा बरोबर बघणार असतील तर डबच लावा, उगाच शुद्धतेचा सोवळेपणा नको.

पण मराठी माणसाला जपानी आवाजांत एक गंमत जास्त कळते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आपल्यासारखंच. नकारही शेवटी. “मी त्याला मारलेलं... नाही” असं एखादा म्हणतो तेव्हा त्या “नाही”च्या आधी आवाजाचा नट थांबू शकतो. इंग्रजी पाटीत मात्र नकार वाक्याच्या सुरुवातीलाच येऊन बसतो, आणि नट बिचारा थांबलाय कशासाठी तेच कळत नाही. पाटीकडं थोडं उशिरा बघायची सवय लावा.

दुसरं म्हणजे मानाची संबोधनं. सान, कुन, चान, सामा. इंग्रजी पाट्यांत ती बहुधा गळतात. आपल्याला ती समजवावी लागत नाहीत, कारण आपण स्वतः राव, पंत, अण्णा, ताई यांच्यात वाढलो. एखादी मुलगी इतके दिवस आडनावानं हाक मारत होती आणि अचानक नावानं हाक मारते, तेव्हा जपानी प्रेक्षकाच्या काळजात जे होतं तेच आपल्याकडं “तुम्ही”चं “तू” झाल्यावर होतं. मराठीत परीक्षण लिहिताना आम्ही हे मुद्दाम नोंदवतो. सातव्या भागात ती त्याला “तू” म्हणते, असं लिहिलं की वाचकाला सगळं कळतं.

“ॲनिमेशन पडलं” असं सगळे म्हणतात. म्हणजे नक्की काय?

बहुतेक वेळा “पात्र हललं नाही” एवढंच म्हणायचं असतं. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात, पण ॲनिमेत प्रत्येक फ्रेमला नवं चित्र नसतं. एकच चित्र तीन फ्रेम धरलं तर सेकंदाला ८ चित्रांत काम भागतं. १९६३ ला तेझुकांच्या ‘ॲस्ट्रो बॉय’नं दर आठवड्याला भाग द्यायचं मनावर घेतलं तेव्हापासून ही काटकसर रूढ झाली: ओठ तेवढे हलवा, पार्श्वभूमी सरकवा, जुनी हालचाल परत वापरा.

काटकसर म्हणजे वाईट काम असं नाही. चित्रकार मैत्रीण म्हणते, कुठं हलवायचं नाही हे ठरवायलाही अक्कल लागते. आम्ही बघतो ते असं: पैसा कुठं वाचवला आणि कुठं ओतला? बोलण्याच्या प्रसंगांत वाचवून निर्णायक झुंजीत ओतला असेल तर तो शहाणा संसार. निर्णायक झुंजीतच स्थिर चित्रावर कॅमेरा सरकत असेल तर तक्रार रास्त.

मोठी माणसं म्हणतात कार्टून पोरांसाठी. त्यांना काय दाखवू?

‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’. युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेला भारत-जपानचा चित्रपट, १९९० च्या दशकातला. जानेवारी २०२५ ला थिएटरांतही परत आला होता. एकदा ते बसले की मग हळूच पुढचं काढा.

उलट बाजूही लक्षात असू द्या. ॲनिमे दिसतं म्हणून सहा वर्षांच्या पोराला काहीही लावून देऊ नका. वयाची सूचना आम्ही परीक्षणाच्या पहिल्या ओळीत देतो.

आरपीजी मराठीत खेळता येतो का? नियम तर इंग्रजीत.

येतो, आणि आम्ही मराठीतच खेळतो. पात्राची माहिती भरायच्या कोऱ्या शीटवर शब्द इंग्रजी राहतात, त्याचं काही वाटत नाही. हिट पॉइंटला, म्हणजे पात्र अजून किती मार सोसेल त्या आकड्याला, आम्ही “जीव” म्हणतो. “माझा जीव तीन उरलाय” हे वाक्य खोलीबाहेरच्या माणसानं ऐकलं की तो आत डोकावतो.

खरी मजा पुढं. इंग्रजीत राजाशी बोला नाहीतर हमालाशी, समोरचा “यू”च. मराठीत तोंड उघडलं की ठरवावं लागतं: तू, तुम्ही की आपण? एकदा वकील मित्राचं पात्र किल्लेदारासमोर उभं होतं, खोटी ओळख सांगून, गरीब वाण्याच्या वेशात. बोलता बोलता “तू”वर घसरला. ताई गेम मास्टर होत्या. त्यांनी फासा टाकायलाच सांगितलं नाही. किल्लेदार हसला, म्हणाला, “वाणी आम्हाला तू म्हणतो?” आणि दरवाजे बंद. कुठल्याही इंग्रजी पुस्तकात हा नियम नाही. तेव्हापासून परीक्षणात एक मुद्दा असतो: हा गेम मराठीत उतरवताना कुठं अडतो आणि कुठं जास्त फुलतो. जिथं बोलाचालीवर भर आहे ते गेम फुलतात. जिथं शंभर मंत्रांची इंग्रजी नावं पाठ लागतात ते अडतात.

टेबलावर कुणाला एखादा प्रसंग सहन झाला नाही तर?

एक कार्ड मधे ठेवतो, त्यावर फुली. कुणीही कारण न सांगता त्याला हात लावावा, प्रसंग तिथंच बदलतो. एक्स-कार्ड म्हणतात त्याला. पुस्तकात अशी सोय दिली आहे का, हे परीक्षणात लिहितो. भुताखेतांच्या गेममध्ये ती नसेल तर मी ते उणंच मानतो, मग कुणी कितीही “एवढं काय त्यात” म्हणो.

पीडीएफ पाठवता का? स्कॅन केलेलं कुठं मिळेल?

नाही, आणि विचारूही नका.

त्यापेक्षा जे कायदेशीर फुकट आहे ते घ्या, आणि ते पुष्कळ आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत. ‘आयर्नस्वॉर्न’चं संपूर्ण पुस्तक फुकट मिळतं आणि ते एकट्यानंही खेळता येतं, गावी सोबती नसेल त्याच्यासाठी उत्तम. ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ तर एका पानाचा गेम आहे. झेरॉक्स काढा आणि बसा. ‘कॉल ऑफ कथुल्हू’ची सुरुवातीची छोटी पुस्तिकाही फुकट आहे, त्यात खेळायला एक पछाडलेलं घर मिळतं. या चारांत वर्ष निघतं.

कुणी फुकट प्रत दिली तर चांगलं लिहिता?

लिहिताना ती फुकट मिळाली हे पहिल्याच परिच्छेदात सांगतो. जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्ये अशा देण्याघेण्याचा उल्लेख करायची तत्त्वं घालून दिलीत, पण ती नसती तरी सांगितलं असतं. कोल्हापुरात कुणाचं मीठ कोण खातंय हे तसंही लपत नाही. एका विक्रेत्यानं एकदा सुचवलं होतं की परीक्षण आधी त्याला दाखवावं. त्याची प्रत त्याच दिवशी परत केली.

पुस्तकाच्या कागदाबद्दल आणि बांधणीबद्दल का लिहिता? कुणाला पडलंय?

ज्यांच्या घरात पंचगंगा आली त्यांना विचारा.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या एका मित्राचं खालच्या मजल्यावरचं कपाट दीड दिवस पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर आम्ही सगळे गेलो. त्याच्या वडिलांची जुनी वेताळाची इंद्रजाल कॉमिक्स, साध्या न्यूजप्रिंटवरची, पानं सोडवून दोरीवर वाळत घातली. वाकडी झाली, पिवळी पडली, पण आजही वाचता येतात. गुळगुळीत आर्ट पेपरवरच्या महागड्या आवृत्त्या मात्र वाळल्यावर वीट झाल्या. त्या कागदावर मातीचा लेप असतो. तो ओला झाला की पानाला पान चिकटतं आणि वाळलं की सुटत नाही. ओली असतानाच प्रत्येक पानाआड कोरा कागद घालायला हवा होता. तेवढा वेळ नसेल तर पुस्तक पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचं, म्हणजे बुरशी थांबते आणि सवडीनं एकेक सोडवता येतं. हे आम्हाला नंतर कळलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा कपाट वरच्या मजल्यावर होतं.

म्हणून कागद कुठला, शिलाई आहे की नुसता गोंद, हे लिहितो. गेमचं पुस्तक टेबलावर उघडं सपाट राहतं का तेही. गोंदाचं असेल तर चार बैठकांत मधली पानं हातात येतात.

स्पॉयलर?

गोष्टीच्या पहिल्या एक-तृतीयांशापलीकडचं काही फोडत नाही. फोडायचंच असेल तर वर ठळक लिहितो. गेमच्या तयार साहसांबाबत जास्त कडक आहोत, कारण तिथं रहस्य फुटलं की खेळच संपला.

माझ्या आवडत्या मालिकेला तुम्ही नावं ठेवली. का?

आवडू दे की तुम्हाला. आमच्यातही पाचात तीन-दोन होतंच, आणि तसं झालं की दोघांचं म्हणणंही छापतो. मात्र “तुम्हाला कळत नाही” एवढंच लिहून पाठवू नका. कुठला प्रसंग, कुठलं पान, कुठला नियम ते लिहा. त्यावरून आम्ही दोनदा मत बदललंय. ‘बुद्ध’मधल्या विनोदांवर मी आधी फार खवळलो होतो, एका वाचकानं वाक्यावाक्यानं समजावलं.

मलाही परीक्षणं लिहायचीत. सुरुवात कुठून करू?

वही घ्या. खेळताना, बघताना जिथं मोबाइल हातात घ्यावासा वाटला ती वेळ लिहा. जिथं चहा थंड झाला तीही वेळ लिहा. घरी गेल्यावर या दोन जागांची कारणं शोधा. झालं, परीक्षणाचा सांगाडा तयार. “पैसा वसूल”, “मास्टरपीस”, “नाद खुळा” हे शब्द पहिल्या पाच परीक्षणांत वापरायचे नाहीत. तिसरा शब्द सोडताना जीव जातो, मान्य आहे.

आणि आवाजांचे शब्द जमवा. जपानी कॉमिकमध्ये शांततेलाही आवाज असतो, “शीऽन” असं चौकटीत लिहितात. त्याला मराठीत काय म्हणाल? ताई म्हणतात चिडीचूप, मी म्हणतो सुन्न. अजून मिटलेलं नाही.

एखाद्या रविवारी येऊन बसलो तर चालेल?

या. एक शीट कायम कोरी असते. पेन्सिल आणा, पेन नको, जीव सारखा खोडावा लागतो. खाली मिसळ खाऊन येणार असाल तर हात साबणानं धुवा. तर्रीचा डाग आर्ट पेपरवरून निघतो, न्यूजप्रिंटवरून निघत नाही, आणि मित्राच्या वडिलांचे वेताळ अजून त्याच खोलीत आहेत.